तू दळून ठेवलेलं पीठ

अगं, मिक्सर चालू आहे, एवढं आधी सांगतो. तुझा पहिला प्रश्न तोच असणार. घरघंटीही चालू आहे, तिची जाळी मी ब्रशने साफ करून ठेवतो. कुकरची शिट्टी बदलली, गॅसची नळी बदलली. नळी खरं तर चांगली होती. पण हल्ली मी गॅस बंद केला की नाही ते तीन-तीनदा जाऊन बघतो, आणि एकदा बघताना वाटलं की नळीला चीर पडलीय. पडली नव्हती. तरी बदलली. तुला जाऊन आज एकेचाळीस दिवस झाले आणि या घरात जे जे फिरतं आणि तापतं ते ते सगळं मी एकदा उघडून बसलो आहे.

आपली कोमल कालपासून दवाखान्यात आहे. इथेच, जळगावात. आठवा महिना चालू आहे आणि बीपी वाढलंय. घाबरू नकोस. मी घाबरलोय तेवढं पुरे आहे. बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, एकदा त्या आपणहून बोलल्या आणि एकदा मी विचारलं म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नर्सने मला बाहेरच्या बाकावर बसवलं. हे सगळं तुला पहिल्यापासून सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि यात थोडा तुझाही हात आहे.

तुला माहीतच आहे मला किती मस्ती होती. तीस वर्षं दाळमिलमध्ये फिटर. ज्या मोटारीजवळ उभं राहिलं की छाती थरथरते त्या मोटारी मी आवाजावरून ओळखायचो. आणि तुझ्या ओट्यावरच्या यंत्रांना मी खेळणी म्हणायचो. मिक्सर, वरण घोटायची विजेची रवी, कोमलने पहिल्या पगारात आणलेलं ते रोटीमेकर. त्याच्यात तू भाकरी करून बघितलीस आणि ती पापडासारखी तडकली, तेव्हा मी किती हसलो होतो. तू नाही हसलीस. म्हणालीस, यंत्राची चूक नाही, त्याला भाकरी माहीत नाही. मग दोन दिवस खटपट करून त्यात खाकरे केलेस आणि मीच डबाभर संपवले.

मिक्सरवरून मात्र आपलं भांडण मिटलंच नाही. तुला नवा हवा होता, मोठ्या भांड्याचा, ओली डाळ एका फेरीत वाटून देणारा. मी म्हणायचो, चांगला चालतोय, मी आहे ना. मोटारीचा कार्बन बदलला, कपलर बदलला, वायर बदलली, पात्याला धार लावून आणली. लहान भांड्याच्या पात्याखालचा बुश तर दर चार महिन्यांनी जायचा. मी कंपनीच्या नावाने खडे फोडायचो आणि तू गप्प उभी राहून टॉर्च धरायचीस. एकदा वैतागून म्हणालीस, "तुमच्या मिलला नवी मोटार आली की पेढे वाटता, आणि माझ्या मिक्सरला कार्बन." मी त्याच्यावर काही बोललो नाही. आता बोलतो. मिक्सर बंद पडला की तू मला हाक मारायचीस. एरवी त्या स्वयंपाकघरात माझं काय काम होतं? नवा आणला असता तर पाच वर्षं हाक आली नसती. हे मला तेव्हा कळत नव्हतं असंही नाही. गेल्या आठवड्यात दुकानापर्यंत जाऊन आलो, मोठ्या भांड्याचा मिक्सर हातात घेऊन बघितला, आणि तसाच परत आलो. आता कुणासाठी घेऊ?

घरघंटी मात्र मी हौसेने आणली, रिटायर झालो त्या वर्षी. तू नको म्हणत होतीस. गिरणीवर गेलं की चार बाया भेटतात, असं तुझं म्हणणं. मग घरघंटी आल्यावर त्या चार बायाच डबे घेऊन आपल्या घरी यायला लागल्या आणि मला टीव्हीचा आवाज वाढवायला लागला. पहिल्याच दिवशी मी तुला एक नियम घालून दिला होता. कळण्याचं पीठ दळताना बाया ज्वारी, उडीद आणि मेथ्यांबरोबर खडे मीठही दळायला टाकतात, तुझ्या माहेरी पहूरलाही तसंच करायचे. मी सांगितलं, या यंत्रात मिठाचा एक खडा जाता कामा नये. आतला पत्रा गंजतो, बेअरिंग खराब होतं. मीठ काय ते परातीत, भाकरी करताना. तू "बरं" म्हणालीस. एवढ्या वर्षांच्या संसारात तुझं ते "बरं" मी हजारदा ऐकलं, आणि त्याचा अर्थ काय असतो ते मला कळायला हवं होतं.

तू गेल्यावर तेराव्यापर्यंत कोमल इथे होती. मग जावईबापू तिला धुळ्याला घेऊन गेले. त्यानंतर आठ दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला. भल्या बाई आहेत, तुला माहीत आहेत. आपल्याशी नेहमी अगदी शुद्ध, मोजून बोलतात. म्हणाल्या, "भाऊ, वाईट मानू नका. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत मलाही मान्य आहे. पण तिथे आता बाईमाणूस नाही. इथेच होऊ द्या." बोलणं चूक नव्हतं. माझ्या तोंडून लगेच हो यायला हवं होतं. पण मागे कोमलचा आवाज आला, "पप्पांना विचारलं का?" पोरीला आई नाही. आता आम्ही तिला सांगणार की तुला माहेरही नाही. मी म्हणालो, "ताई, मी करीन सगळं." काय करीन ते मलाच माहीत नव्हतं.

आपल्या गल्लीतल्या मावशींना मालिश-आंघोळीसाठी बोलून ठेवलं. त्या तयार झाल्या. राहिलं स्वयंपाकघर. बाहेरचा डबा लावा असं शेजारचे नाना म्हणाले. बाळंतिणीला डबा? तू असतीस तर नानांना चहासुद्धा मिळाला नसता.

मग मी शिकायला बसलो. फिटर माणूस आहे, माप असल्याशिवाय हात चालत नाही. बाजारातून तो छोटा वजनकाटा आणला, ग्रॅममध्ये दाखवणारा. तुझी एक मूठ म्हणजे किती ते मला कोण सांगणार? तू कधी काही लिहून ठेवलं नाहीस. मी वही केली. एका भाकरीला पीठ किती, पाणी किती, पाणी किती गरम. पहिल्या दिवशी विजेची रवी भांड्यातून वर काढल्यावर बंद केली, आधी नाही, त्यामुळे वरण भिंतीवर, घड्याळावर आणि माझ्या चष्म्यावर. घरघंटीत जाडी जाळी राहून गेली आणि गव्हाची कणी दळून निघाली, तिचा सांजा केला. सांजा बरा झाला होता. खोबरं किसायला मिक्सरमध्ये टाकलं आणि जास्त फिरवलं, तेल सुटलं. पण हळूहळू जमायला लागलं. मिक्सर थांबत-थांबत, झटके देत चालवायचा हे कळलं. खारीक आधी अडकित्त्याने फोडून मग मिक्सरला लावली. डिंक तळून भांड्यात फिरवला तर त्याचा लगदा होतो, तो वाटीनेच चुरायचा. डिंकाच्या लाडवाचा पहिला घाणा फसला, दुसरा वळला. त्या दिवशी मी लाडू हातात घेऊन तुझ्या फोटोसमोर उभा राहिलो आणि रडलो. मग वाटलं, लाडू कडक झाला असेल तर? पोरीचा दात दुखेल तर? आणि परत वहीकडे गेलो. माझं हे असं चाललंय.

रविवारी ती सगळी आली. विहीणबाई, जावईबापू आणि कोमल. मला जमतंय का ते बघायलाच आली होती, मला कळत होतं. दोन दिवस आधी मी फोनवर विचारलं होतं, काय करू जेवायला? कोमल म्हणाली, कळण्याची भाकरी. मी म्हटलं, तुला डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय ना, पायाला सूज आहे ना? ती म्हणाली, मग कमी टाका. कळण्याचं पीठ घरात होतंच. तू दळून ठेवलेलं, मोठ्या डब्यात, वर फडक्याने बांधलेलं. ते मी तोपर्यंत उघडलं नव्हतं. उघडलं तेव्हा मेथ्यांचा वास आला. फडकं मी घडी करून वेगळं ठेवलं.

मी वजनकाट्यावर मीठ मोजलं. नेहमीच्या निम्मं. पिठात मीठ नाही याची मला खात्री होती, कारण या घरात घरघंटीला मीठ लागत नाही, हा माझा नियम. चाखून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तू सगळं चाखून करायचीस, मी सगळं मोजून करतो.

ताटं वाढली. मेथीची भाजी, घोटलेलं वरण, लोणी, आणि भाकऱ्या. भाकऱ्या गोल झाल्या होत्या गं, एकही चिरली नव्हती. विहीणबाईंनी तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि त्यांचा हात थांबला. मी तव्यापाशी उभा होतो. वाटलं, कच्ची राहिली. कोमल मात्र खाली मान घालून जेवत होती. एक संपवली, दुसरी मागितली. मला इतका आनंद झाला की मी ती लोणी लावून दिली. दुसरी जवळजवळ संपली तेव्हा विहीणबाईंनी तिच्या ताटाकडे बघितलं आणि त्यांचं ते मोजून बोलणं कुठल्या कुठे गेलं. धुळ्याची अहिराणीच आली तोंडात. "भाऊ, पीठमा पहिलेच मीठ शे ना." पिठात आधीच मीठ आहे? मी तुकडा तोंडात घातला. खारट होता. मिठाच्या खड्यासारखा खारट.

तोंडचं पाणी पळालं माझ्या. मी कोमलला म्हणालो, अगं तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, "चांगली झालीय." जावईबापू पाण्याचा तांब्या घेऊन उठले. विहीणबाई एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, आणि तेच मला सहन झालं नाही. त्यांनी नुसतं माझ्या हातातलं उलथनं घेतलं आणि गॅस बंद केला.

संध्याकाळी चारला कोमलचं डोकं दुखायला लागलं. पाच वाजता आम्ही दवाखान्यात. बीपी वाढलेलं निघालं आणि त्यांनी ठेवून घेतलं. मी डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. दोन भाकऱ्या, इतकं इतकं मीठ, पिठात आधीचं आणखी किती ते माहीत नाही. वहीही दाखवली. त्या म्हणाल्या, दोन भाकऱ्यांनी हे होत नसतं काका, हे आधीपासून चढत होतं, बरं झालं वेळेवर आणलंत. आता लांबचा प्रवास नको, बाळंतपण इथेच करू. म्हणजे बघ. ज्या गोष्टीसाठी मी तीन आठवडे जीव काढत होतो ती मिळाली, आणि ती अशी मिळाली. मला त्यांचं म्हणणं पटलं का? डोक्याला पटलं. पण मी बाकावर बसून पुन्हा पुन्हा त्या दुसऱ्या भाकरीला लोणी लावत होतो. आणि मला तुझा राग आला. खरं सांगतो, प्रचंड राग आला. एवढं मोठं गुपित ठेवून कुणी जातं का?

आज सकाळी विहीणबाईंना घेऊन घरी आलो, कोमलचे कपडे न्यायला. जावईबापू तिच्यापाशी थांबले. स्वयंपाकघरात शिरलो तर समोर तो डबा. त्याच वेळी गल्लीत घंटागाडी आली. माझं डोकं फिरलं. डबा उचलला, बाहेर नेला आणि गाडीत उपडा केला. तळाला हात मारून मारून झाडला. अन्न कधी टाकलं नाही आपण, आणि मी तीन किलो पीठ टाकलं. मागे वळलो तर विहीणबाई दारात कपड्यांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बघितलं सगळं. मी डबा घासून पालथा ठेवला आणि आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो.

कोमल उठून बसली होती. बीपी कालच्यापेक्षा उतरलंय, पण अजून हवं तेवढं नाही. पायाची सूज थोडी कमी वाटली मला, की मीच तसं मानून घेतलं, कोण जाणे. मी तिची माफी मागितली. म्हटलं, पोरी, मला माहीत नव्हतं. घरघंटीत मीठ टाकायचं नाही हे मी तुझ्या आईला बजावून ठेवलं होतं. ती हसली. तुझ्यासारखी, एका बाजूने.

"टाकलंच नाही तिने घरघंटीत," ती म्हणाली. "पप्पा ओरडतील म्हणून खडे मीठ मिक्सरच्या लहान भांड्यात बारीक करायची आणि दळलेल्या पिठात मिसळायची. दर वेळी."

लहान भांडं! ज्याचा बुश दर चार महिन्यांनी जायचा. मीठ साचून साचून त्याला खात होतं, आणि मी कंपनीला शिव्या घालत होतो, आणि तू शेजारी उभी राहून टॉर्च धरत होतीस. अगं बाई, तुझा चेहरा कसा सरळ राहायचा? मला तिथे दवाखान्यात हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. नर्सने वळून बघितलं.

मग माझ्या लक्षात आलं. म्हटलं, म्हणजे तुला ठाऊक होतं. पिठात मीठ आहे हे तुला आधीच ठाऊक होतं. तरी दोन खाल्ल्यास? आणि फोनवर मला "कमी टाका" म्हणालीस?

ती पांघरुणाशी चाळा करत बसली. म्हणाली, "फोनवर सासूबाई जवळच होत्या, म्हणून इथे आल्यावर सांगणार होते. आले तर तुम्ही परात घेऊन बसला होतात, वहीत बघून बघून. सासूबाई शेजारी उभ्या. त्यांच्यासमोर तुम्हाला चुकलं म्हणायचं नव्हतं मला." पुढे म्हणाली, "आणि आईचं पीठ होतं. ते मी कशी टाकून देणार होते?"

मी मान खाली घातली. हिला रागवावं की जवळ घ्यावं तेच कळेना. एवढी शिकलेली पोर, पोटात बाळ, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पाठ, आणि आईच्या हातचं म्हणून खारट भाकरी गिळत बसली. आणि मला सांभाळून घेत बसली. मी तिला सांभाळायला आणणार होतो.

मग ती म्हणाली, "उरलेलं पीठ नीट ठेवलंय ना पप्पा? आता नाही खाणार मी. बाळंतपण झाल्यावर, बीपी उतरल्यावर. डॉक्टरांना विचारून. थोडंथोडं पुरवून खाईन."

विहीणबाई खिडकीपाशी फळं धूत होत्या. त्यांचा हात थांबला.

मी म्हणालो, "हो. ठेवलंय."

आयुष्यात तुझ्याशी मी खोटं बोललो असेन, पोरीशी कधी बोललो नव्हतो. ती निवांत झाली, उशीला टेकली. मला तिथे उभं राहवेना. डॉक्टर कधी येतात ते बघतो म्हणून बाहेर आलो आणि बाकावर बसलो. ती कधी घरी येईल, दहा दिवसांनी की महिन्याने, बाळ-बाळंतीण सुखरूप येतील ना, आणि आल्यावर पहिल्यांदा तो डबा उघडेल तेव्हा काय? पोरीला वास कळतो. तुझ्या हाताचा वास कळतो. तुझं माप कुठेच नाही. ज्वारी कोणत्या दुकानाची घ्यायचीस तेही मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही.

विहीणबाई बाहेर आल्या. पदराला हात पुसले, माझ्या शेजारी बसल्या. मला वाटलं, आता बोलतील. बोलायचा त्यांना हक्क होता. पण त्या हळूच, दाराआड आवाज जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या,

"भाऊ, घरमा उडीद शे का?"

अगं, उडीद कुठल्या डब्यात ठेवलेत तू?